हशा कुठे येतो

आमच्या भागातल्या वाचनालयाने माझं नाव काढून टाकलं तेव्हा मी अकरावीत होते. ग्रंथपाल बाईंनी टेबलावर सात पुस्तकं मांडून ठेवली होती. सगळी लहान मुलांची, मोठ्या टायपातली, चित्रांची. प्रत्येकात कुठे ना कुठे मी पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून वर माझ्या अक्षरात वेगळं वाक्य लिहिलं होतं. हरणाच्या पाडसाची आई जिथे मरत होती, तिथे मी तिला बहिणीकडे राहायला पाठवलं होतं. सावत्र आई जिथे मुलीला उपाशी ठेवत होती, तिथे दोन घास जास्तच वाढले होते. आणि एका गोष्टीत सगळी शाळा मिळून एका मुलाला हसते, ते पान सरळ फाडून टाकलं होतं. एवढं हसणं एका पट्टीखाली मावत नव्हतं.

बाईंनी विचारलं, हे कोणी केलं. मी म्हणाले, मी. कशासाठी, तर माझा भाऊ सहा वर्षांचा आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "मग भावाला पुस्तकं देऊ नका. पुस्तकांना कशाला शिक्षा?" पुण्यात माणसाला हाकलायचं असलं की अहो-जाहो सुरू होतं. मी कार्ड टेबलावर ठेवलं आणि बाहेर पडले. राग तेव्हाही भरपूर होता. तो काढायला फक्त माणूस सापडायचा होता.

वडील जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. ते महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात चावीवाले होते. रस्त्यातल्या चेंबरमधला व्हॉल्व्ह उघडून एकेका भागाला पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. छातीएवढी उंच लोखंडी चावी मोटारसायकलला बांधून ते पहाटे निघायचे. साडेपाचला बिबवेवाडीच्या वरच्या अंगाला, म्हणजे आमच्याकडे, पाणी सोडायचे आणि मग पुढे जायचे. एका पहाटे चौकात टेम्पोने त्यांना उडवलं. चावी शाबूत राहिली. खात्याची होती, म्हणून खात्याने परत नेली.

आईने भावाला खोटं सांगितलं नाही. आमच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे. देव नाही, स्वर्ग नाही, आभाळातला तारा होणं नाही. तिने त्याला मांडीवर घेऊन सांगितलं की बाबा वारले, आता ते घरी येणार नाहीत. त्याने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी साडेपाचला नळातून आधी हवा आली, फुसफुस झाली, मग पाणी. तो अंथरुणात उठून बसला आणि अगदी समजूतदारपणे म्हणाला, "घरी येणार नाहीत. पण ड्युटीवर आहेत."

त्यानंतर रोज नळ फुसफुसायला लागला की तो उठून मोरीत जायचा आणि नळाच्या तोंडाशी तोंड नेऊन काहीतरी सांगायचा. पाणी सुरू झालं की गप्प. त्याने मला समजावून सांगितलं होतं, की हवा असते तोवरच आवाज वर चढतो, पाणी आलं की वाहून जातो. महिन्यातून एखाद्या गुरुवारी दुरुस्तीसाठी शहराचं पाणी बंद असायचं. तो त्याच्या हिशेबी बाबांच्या सुट्टीचा दिवस. त्या दिवशी तो कपाटातला चांगला शर्ट घालून शाळेच्या वेळेपर्यंत उंबऱ्यावर बसायचा. कोणी काही विचारलं तर म्हणायचा, "सहज." आईने आणि मी कधी त्याबद्दल बोलणं काढलं नाही. एकदाच आई म्हणाली, की त्याचं त्याला कळेल तेव्हा कळू दे.

माझं मात्र सगळं बिनसलं होतं. तास बुडवत होते. एका मुलीच्या डोक्यात स्टीलची बाटली घातली होती. कारण खरंच आठवत नाही, खोक पडली होती तेवढं आठवतं. कॉलेजने आईला दोनदा बोलावलं. तिची महापालिकेतली अनुकंपेची नोकरी कागदांत अडकली होती आणि तोवर ती तीन घरी पोळ्या करत होती. मला दुपारी एकटी ठेवायची तिला भीती वाटायला लागली, म्हणून ती मला बरोबर नेऊ लागली. त्या तीनपैकी एक घर लेखकाचं होतं.

सगळे त्यांना सर म्हणायचे. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट. रविवारच्या पुरवणीत त्यांचं विनोदी सदर यायचं आणि गावोगाव कथाकथनाचे कार्यक्रम व्हायचे. रिक्षावाले त्यांना ओळखायचे. लग्न केलेलं नव्हतं. घर त्यांची थोरली बहीण सांभाळायची. ती लवकर विधवा होऊन भावाकडे आलेली. तिला सगळे आक्का म्हणायचे, आम्हीही.

आईने माझं पुस्तकांचं प्रकरण आक्कांना सांगितलं आणि आक्कांनी सरांना. मला वाटलं, आता आणखी एक भाषण. सर मोठ्याने हसले आणि म्हणाले, "म्हणजे तू संपादक आहेस." आठ महिन्यांत माझ्यावर न रागावलेला तो पहिला मोठा माणूस. मी त्या एका वाक्यावर विकले गेले. ते हाताने लिहायचे आणि संगणकाशी त्यांचं वैर होतं, म्हणून त्यांचे लेख टाइप करायचं काम मला मिळालं. दुपारी दोन ते चार. आई आत पोळ्या लाटायची आणि मी बाहेरच्या खोलीत त्यांची वाक्यं लाटायची.

टाइप करता करता मला त्यांची कलाकुसर कळायला लागली. लेख हवामानाने सुरू करायचा. मग एक बावळट माणूस आणायचा. तिसऱ्या परिच्छेदात पहिला हशा, पाचव्यात मोठा. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आवाज खाली आणायचा, आणि शेवटी डोळ्यांत पाणी. लिहायला मी त्यांच्याकडूनच शिकले, हे नाकारत नाही.

एका दुपारी त्यांनी विचारलं की तुझा तो धाकटा भाऊ काही गमतीचं बोलतो का, मुलं फार अद्भुत बोलतात. मी त्यांना नळाची गोष्ट सांगितली. सगळी. हवा, आवाज, गुरुवार, शर्ट. कोणी माझ्याकडून काढून घेतली नाही. त्यांनी मला इतकं दिलं होतं, आणि माझ्याकडे देण्यासारखं तेवढं एकच होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.  मग म्हणाले, "फार नाजूक आहे हे. जप."

तीन आठवड्यांनी ते पुरवणीत आलं.

त्या आठवड्याचा लेख त्यांनी मला टाइप करायला दिला नव्हता. बाहेरून करून घेतला होता. म्हणजे आपण काय करतोय हे त्यांना माहीत होतं. लेखावरचा राग एखाद वेळी ओसरला असता. लेख माझ्यापासून लपवला, तो राग मी आजही सांभाळून ठेवला आहे.

लेखाचं नाव 'नळाला आलेले बाबा'. सुरुवात उकाड्याने. मग 'आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या बाई' आणि त्यांचं शेंबडं पोर. माझा भाऊ सहाव्या वर्षी तुमच्या-माझ्यासारखा स्वच्छ बोलायचा. लेखात तो बोबडा होता. 'बाबा, आद थालेत बाईंनी माल्लं.' गुरुवारी उलटी बटणं लावून बसलेला. आई पदराला हात पुसत म्हणते, देवबाप्पाने नेलं हो त्याच्या बापाला. आमच्या घरात कधी न उच्चारलेला देवबाप्पा त्यांनी आईच्या तोंडी घातला होता. आणि शेवट असा: 'माझ्या चष्म्याच्या काचा धूसर झाल्या. मी त्या पुसल्या नाहीत.'

नाव कुठेच नव्हतं. पण बिबवेवाडीत पोळ्या करणारी, चावीवाल्याची बायको एकच होती. दुपारपर्यंत तो लेख आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला, खाली रडणारे चेहरे आणि हसणारे चेहरे मिसळून. शेजारच्या काकू डोळे पुसत घरी आल्या आणि भावाचा गालगुच्चा घेऊन म्हणाल्या, नळाशी बोलून दाखव ना रे. सोमवारी त्याच्या वर्गातल्या बाईंनी लेख मोठ्याने वाचून दाखवला. बाई वाईट नव्हत्या. त्यांना वाटलं आपल्या विद्यार्थ्याचं नाव झालं. वाचून झाल्यावर त्यांनी त्याला जवळ घेतलं आणि सगळ्यांसमोर प्रेमाने सांगितलं, की बाळा, ते बाबा नसतात बरं का, ते धरणातलं पाणी असतं.

मधल्या सुट्टीत मुलांनी त्याला विचारलं, आज बाबांचं प्रेशर कमी आहे का. पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी रांगेत उभं राहून एकेकाने नळाला 'बाबा, बाबा' करून दाखवलं. हे मला त्याच्या वर्गातल्या एका मुलीने सांगितलं. त्याने नाही. तो घरी आला, दप्तर ठेवलं आणि मला विचारलं, "त्यांना तू सांगितलंस?"

मी हो म्हणाले. 

दुसऱ्या पहाटे नळ फुसफुसला तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. डोळे उघडे होते. त्या दिवसापासून तो मोजकं बोलायला लागला, फॉर्म भरल्यासारखं. भूक आहे. नाही. झाला अभ्यास. कोणी हसू शकेल असं एकही वाक्य त्याने पुढे कित्येक महिने उच्चारलं नाही. मी पुस्तकांवर पट्ट्या चिकटवून ज्याला जपत होते, त्यालाच स्वतःच्या हाताने उचलून एका गोष्टीत टाकून आले होते, आणि त्या गोष्टीत सगळी शाळा मिळून त्याला हसत होती.

मी सरांना विचारलं. रडून नाही, ओरडून नाही. ते खरंच गोंधळले. म्हणाले, नाव कुठे लिहिलंय? आणि अगं, तुझ्या वडिलांसाठी अख्खं पुणे रडलं. मी म्हणाले की आधी हसलं. तेव्हा ते मास्तरांच्या आवाजात म्हणाले, "हसवल्याशिवाय रडवता येत नाही. शीक हे."

शिकले.

रागावलेली माणसं काम सोडून जातात. मी सोडलं नाही. दोनच्या ठोक्याला हजर राहू लागले. आईला वाटलं पोरगी सुधारली. तिला स्वतःला लेखाचं काय वाटलं ते तिने सांगितलं नाही, पण सरांच्या ताटातल्या पोळीला ती आधी तूप लावायची, ते तिने बंद केलं.

दोन महिन्यांनी आक्कांनी मला हत्यार दिलं. दुपारची वेळ होती, सर वामकुक्षी घेत होते, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात मेथी निवडत होतो. आक्कांना माझा राग दिसत होता. तो त्यांना एकट्यांनाच दिसत होता. त्या म्हणाल्या, त्याला लहान पोराचं मन कळत नाही असं समजू नकोस. आणि मग काड्या बाजूला करत, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं.

सर आठ वर्षांचे असताना त्यांच्या आईला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन ठेवलं. मुलांना सांगितलं की आई माहेरी गेली आहे. आक्का चौदा वर्षांच्या, त्यांना खरं माहीत होतं. सरांना नव्हतं. आई परत येईल तेव्हा भुकेली असेल, म्हणून ते रोज आपल्या पानातलं थोडंसं पत्र्याच्या एका डब्यात ठेवायचे. भाकरीचा तुकडा, गुळाचा खडा, कुणाच्या मुंजीतला लाडू. डबा पलंगाखाली मागे सरकवलेला. महिन्याभराने मुंग्यांची रांग लागली आणि काकांनी तो डबा ऐन पंगतीत आणून उघडला. आत अळ्या होत्या. एवढ्या मोठ्या पोराने हे काय साठवलंय म्हणून पंगत हसली. त्यांनी सांगितलं, आईसाठी आहे. मग जास्त हसली. आई इस्पितळातच गेली. साठ वर्षांत सरांनी हे कोणाला सांगितलं नाही आणि आक्कांकडून शपथ घेतली होती.

आक्कांनी ती मोडली ती मी त्यांच्या भावाला माफ करावं म्हणून. मला ते कळलं होतं. कळलं नव्हतं अशी सबब मी कधी सांगितली नाही.

पावसाळ्यानंतर सरांच्या मुलांवरच्या लेखांचं पुस्तक निघायचं ठरलं. नाव तेच, 'नळाला आलेले बाबा'. रविवारी सकाळी पेठेतल्या एका लहान सभागृहात प्रकाशन. सरांना कल्पना सुचली की तो लेख त्या मुलाच्या बहिणीनेच वाचावा. आणि मग मुलाला मंचावर बोलवून एक भेट द्यावी. भेट त्यांनी मला आधीच दाखवली, मोठ्या कौतुकाने. रंगीत कागदात गुंडाळलेला पितळी नळ.

मी म्हणाले, वाचेन. भाऊ मात्र येणार नाही, त्याला ताप आहे.

लेख लिहायला मला चार दुपारी लागल्या, त्यांच्याच संगणकावर, त्यांच्याच खुर्चीशेजारी बसून. सुरुवात उकाड्याने. बावळट मुलगा दुसऱ्या परिच्छेदात. तिसऱ्यात डबा. मुलगा बोबडा. 'आईथाथी थेवलंय.' पाचव्यात मुंग्यांची रांग, त्या रांगेला वऱ्हाडाची उपमा, आणि पंगतीत उघडलेला डबा. इस्पितळाचा उल्लेख केला नाही. आई गावाला गेली म्हटलं. एवढी पट्टी मी तिथेही चिकटवली. शेवट त्यांचाच ठेवला, अक्षर न बदलता.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत आक्का, हातात काठी, अंगावर ठेवणीतलं पातळ. मंचावर सर, प्रकाशक आणि अध्यक्ष म्हणून आलेले एक निवृत्त प्राचार्य. सरांनी माझी ओळख करून दिली, वाचनालयातल्या पट्ट्यांसकट. लोक हसले. मी पुस्तक उघडून समोर धरलं आणि त्यात ठेवलेला कागद वाचायला सुरुवात केली.

पहिल्या परिच्छेदाला सर कौतुकाने मान हलवत होते. दुसऱ्यात मान थांबली. तिसऱ्यात 'पत्र्याचा डबा' हे शब्द आले तेव्हा मी कागदावरून नजर उचलून त्यांच्याकडे पाहिलं. मला ते चुकवायचं नव्हतं. त्यांचा चेहरा काही क्षण अगदी रिकामा झाला. मग ते हसले, कारण सभागृह हसत होतं आणि फोटोग्राफर समोर गुडघ्यावर बसला होता. पुढची सात-आठ मिनिटं त्यांना हसत बसावं लागलं. हशा बरोबर जागेवर आला, प्रत्येक. मुंग्यांच्या वऱ्हाडाला तर टाळ्या पडल्या. 'आईथाथी थेवलंय' ला मागच्या रांगेतल्या एका माणसाने ते मोठ्याने पुन्हा म्हणून दाखवलं आणि परत हशा झाला.

मी खूश होते. इतकी खूश मी त्याआधी वर्षभर नव्हते आणि त्यानंतरही फार वेळा झाले नाही. आवाज लागला होता. प्रत्येक हशाला मला शाळेतल्या पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिलेली रांग दिसत होती आणि वाटत होतं, घ्या, अजून घ्या.

शेवटच्या परिच्छेदाआधी काठी वाजली. आक्का उठून मधल्या वाटेने बाहेर चालल्या होत्या. मी थांबले नाही. चष्म्याच्या काचा धूसर झाल्या, मी त्या पुसल्या नाहीत, असं वाचून पुस्तक मिटलं. लोक डोळे पुसत होते. काही उभे राहिले.

सभागृहात तिघांनाच कळलं होतं काय झालं ते, आणि त्यातल्या एक बाहेर गेल्या होत्या. बाकी सगळ्यांना वाटलं की हा लेख सरांचाच आहे, पुस्तकातला किंवा नवा. अध्यक्ष म्हणाले की नळाच्या लेखापेक्षाही हा सरस आहे, सरांना बालमनाची नाडी सापडली आहे. सरांनी उठून हात जोडले. पितळी नळ टेबलावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. मी गेले, कारण न जाणं म्हणजे घाबरणं झालं असतं. ते खिडकीपाशी बसले होते. बसायला सांगितलं नाही.

"आक्काने सांगितलं?"

"हो."

 मग म्हणाले, "मी जिथे हसवतो, बरोबर तिथेच हसले लोक."

मी म्हणाले, "तुमच्याकडूनच शिकले."

 मला वाटलं होतं ते ओरडतील, कृतघ्न म्हणतील. त्याची उत्तरं मी रस्त्याने तयार करून आणली होती, सगळी वाया गेली. पुढच्या एक तारखेपासून आईने यायची गरज नाही असा निरोप तिच्या दुसऱ्या एका कामाच्या घरातून आला. आईने मला विचारलं काय केलंस. मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच म्हणाली, की आक्कांचं मीठ मी खाल्लंय, तू पण खाल्लंयस. वर्षभराने तिची नोकरी झाली, क्षेत्रीय कार्यालयात शिपाई म्हणून. अजून तिथेच आहे.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी दुकानात उभी राहून चाळली. नळाचा लेख काढलेला होता. पुस्तकाचं नावही बदललं होतं. मुलांवर सरांनी पुन्हा लिहिलं नाही. सदर चालू होतं, पण त्यात पक्षी यायला लागले, निवडणुका, गुडघेदुखी. कार्यक्रमांत लोक नळाच्या गोष्टीची फर्माईश करायचे आणि ते टाळायचे, असं ऐकलं. ही सगळी माझी कमाई. मला कोणी विचारलं की पश्चात्ताप होतो का, तर सरांबद्दल होत नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा वर्तमानपत्रात मोठा फोटो आला. मी तो नीट बघितला आणि चहा प्यायले.

भाऊ आता अठरा वर्षांचा आहे, वारज्याच्या एका कॉलेजात डिप्लोमा करतो, मित्रांत चांगली बडबड करतो असं त्याचे मित्र सांगतात. हे लिहिण्याआधी मी त्याला विचारलं. तो मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला, लिही. मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाला की नळाला काय सांगायचो ते त्याला काहीच आठवत नाही. पोरं हसायची ते आठवतं. म्हणजे मूळ गोष्ट त्याच्याकडेही उरली नाही. ती माझ्याकडे आहे आणि जुन्या पुरवणीच्या रद्दीत, बोबडी.

आक्कांबद्दलचं शेवटी ठेवलं, कारण ते लिहायला जड जातं.

प्रकाशनानंतर आठवड्याभराने त्या आमच्या घरी आल्या. त्याआधी कधी आल्या नव्हत्या. आमची गल्ली चढाची आहे आणि त्यांचे गुडघे गेलेले. आई कामावर होती. त्या खुर्चीवर बसून बराच वेळ दम खात राहिल्या. मी पाणी दिलं, चहा टाकला. भाऊ दारात बसून गृहपाठ करत होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याला काही विचारलं नाही, गाल ओढला नाही. चहा पूर्ण प्यायल्या आणि कप खाली ठेवून म्हणाल्या:

"त्याच्यावर सूड घेतलास. घे. अडुसष्ट वर्षांचा आहे, त्याला झेपेल. पण तू लोकांना त्याच्यावर नाही हसवलंस. तू त्यांना त्या आठ वर्षांच्या पोरावर हसवलंस. परत, भर पंगतीत. त्याने तुझं काय केलं होतं?"

मी म्हणाले, चुकलं. त्या म्हणाल्या, नाही, तसं म्हणू नकोस, तुला तसं वाटत नाहीये. मी त्यांच्याशी खोटं बोलू शकले नाही. वाटत नव्हतंच. तेव्हा मला फक्त आक्कांसाठी वाईट वाटत होतं. त्या मुलासाठी वाटायला पुढे काही वर्षं लागली, आणि तेही एकदम नाही. रस्त्यात कुणी लहान मुलाला काहीतरी मुठीत लपवून नेताना बघितलं की वाटतं.

आता तो डबा मी इथे पुन्हा उघडला आहे. आक्काही गेल्या, सरही गेले, परवानगी विचारायला कोणी उरलं नाही. ही पळवाट आहे हे मला कळतं. एवढंच, की सर आठव्या वर्षी कसे बोलायचे ते मला माहीत नाही, म्हणून या वेळी मी त्यांच्या तोंडी एकही वाक्य घातलेलं नाही. 'आईसाठी आहे' एवढं आक्कांनी सांगितलं होतं तेवढंच.

त्या दिवशी आक्का निघाल्या तेव्हा मी पोचवायला बरोबर गेले. नको म्हणाल्या, तरी गेले. वरच्या टप्प्यावर त्यांनी माझा हात धरला नाही, भिंत धरून चालल्या. पुढे उतार जास्त आहे आणि खडी निघालेली आहे, तिथे मात्र त्यांना धरावा लागला. हात हलका होता, कोरडा.  खाली सपाट रस्ता आला तसा त्यांनी तो सोडला, काठी सावरली आणि रिक्षाला हात केला.